उजव्या पायातला जोडा

"मयताला सख्खा भाऊ आहे?" खिडकीमागच्या कारकुनाने विचारलं.

"आहे ना," मी म्हणालो. "हा काय, तुमच्यासमोर उभा आहे."

म्हणताना मी छातीही थोडी पुढे काढली असेल. त्या दिवशी घरचा मोठा माणूस मीच होतो. वहिनीच्या लग्नाची नोंदणी करायला दिमोनाहून बसने आम्ही तिघं बीरशेवाच्या धर्मपीठात आलो होतो. सिप्पोरा वहिनी, तिचा होणारा नवरा शालोम वाक्रूळकर आणि तिचा दीर म्हणजे मी, एलिझर पेझारकर. माझा थोरला भाऊ हनोख जाऊन दोन वर्षं होत आली होती. वहिनीचे भाऊ-बहिणी सगळे रेवदंड्यालाच राहिलेले. इस्राएलमध्ये तिचं माणूस म्हणावं असा मी एकटा, म्हणून मी पुढे.

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "मयताला मूलबाळ?"

"नाही."

"झालंच नाही, की होऊन गेलं?"

मी वहिनीकडे पाहिलं. ती पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. "झालंच नाही," तिने जमिनीकडे बघत सांगितलं.

"मग हे लग्न नोंदवता येणार नाही. बाई बांधलेल्या आहेत."

"कुणाशी?" शालोमने विचारलं.

कारकुनाने पेन पुन्हा उचललं आणि त्याचं टोक माझ्याकडे केलं.

माणूस वाईट नव्हता. मागे रांग वाढत होती तरी त्याने आम्हाला नीट समजावून सांगितलं. नवरा मूल न होता मेला तर त्याची बायको त्याच्या भावाशी बांधलेली राहते. अशा भावाला हिब्रूत 'याव्हाम' म्हणतात. पूर्वी हा याव्हाम भावजयीशी लग्न करून भावाचा वंश चालवायचा. आता धर्मपीठ असली लग्नं लावत नाही, पण गाठ असतेच आणि ती सोडवावी लागते. त्या विधीचं नाव 'खलित्सा'. पाच माणसांसमोर दिराने सांगायचं की मला हिला करून घ्यायचं नाही. मग भावजयीने त्याच्या उजव्या पायातला जोडा काढून फेकायचा आणि त्याच्यापुढे जमिनीवर थुंकायचं. एवढं झालं की ती मोकळी.

"आणि ह्यांनी नाही सोडवलं तर?" शालोमने विचारलं.

"तर नाही," कारकून म्हणाला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

आम्ही तिघं पायऱ्यांवर येऊन बसलो. लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. पत्रिका छापून झाल्या होत्या, लोदहून मेंदीवाली मावशी यायची ठरली होती. हे असं काही असतं हे आमच्यात कुणाला ठाऊकच नव्हतं. आमचे वाडवडील कोकणात तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे. शब्बाथ पाळला, सुंता पाळली, पण जोडा-बिडा कधी ऐकला नव्हता. आमच्या गावात विधवा बाई शेजारणींसारखीच बांगड्या उतरवून घरात बसायची. दुसरं लग्नच करायची नाही, तर गाठ सोडवायचा प्रश्न कुठे येतो? आजार नसेल तिथे औषध कोण विचारतो?

परतीच्या बसमध्ये वहिनीला हसू आवरेना. तिचा स्वभावच तसा. रडायच्या जागी हसायची, आणि मग कोणी नसताना रडायची.

"काय ओ भावोजी," ती म्हणाली, "दोन वर्षं मी तुमच्याशी बांधलेली, आणि मलाच पत्ता नाही."

शालोमही हसला. तो शहराच्या बसवर चालक होता, विधुर होता, त्याला दोन लहान मुली होत्या. मनाने सरळ. त्याच्यात काही खोट काढता आली असती तर माझं काम सोपं झालं असतं.

"पुढच्या महिन्यात उरकून टाकू," मी म्हणालो आणि खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसती माती.

तो पुढचा महिना यायला अकरा महिने लागले.

पहिल्यांदा मी सांगितलं की गिरणीत रजा मिळत नाही. मी सूतगिरणीत होतो, आणि रजा हवी तेव्हा मिळत होती. मग सण आले. मग मुकादम आजारी पडला म्हणालो, तो बिचारा ठणठणीत होता. शालोमची धाकटी मुलगी एव्हाना वहिनीला आई म्हणायला लागली होती. वहिनी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. शुक्रवारी माझा डबा भरून द्यायची, तेव्हा सहज विचारायची, "कधी जायचं ओ?" मी म्हणायचो, "बघू." तिने कधी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

शेवटी पीठाकडूनच कागद आला. विधीच्या आधी दोन-तीन मंगळवार येऊन शब्द शिकायचे, कारण ते हिब्रूतच म्हणावे लागतात आणि अर्थ कळून म्हणावे लागतात. वहिनीला शिकवायला तिच्या शाळेतलीच एक बाई नेमली होती. मला शिकवायला होता झालमन.

झालमन हा धर्मपीठाचा सेवक. सत्तरीचा, पोलंडकडचा, बारीक, खोकणारा. दारं उघडणं, दिवे लावणं, न्यायाधीशांना चहा देणं, आणि तो विधीचा जोडा सांभाळणं ही त्याची कामं. जोडा कापडी पिशवीत ठेवलेला असायचा. पांढऱ्या चामड्याचा, लोखंडाची टाचणीसुद्धा न लावता चामड्यानेच शिवलेला, पोटरीपर्यंत बांधायचे लांब बंद. इतक्या लोकांनी पायात घालून काढला होता, तरी चालून झिजलेला नव्हता.

त्याची बोली यिडिश, माझी मराठी. दोघांचं हिब्रू सारखंच मोडकं, त्यामुळे आमचं छान जमलं. पहिल्या मंगळवारी त्याने मला तीन शब्द लिहून दिले. लो खाफात्स्ती लेकाख्ता. हिला करून घ्यायची माझी इच्छा नाही.

"म्हण."

"लो," मी म्हणालो आणि खोकलो. पाणी मागितलं. पुन्हा म्हणालो, "लो." पुढचे शब्द अवघड आहेत म्हणालो.

"घाई नाही," झालमन म्हणाला आणि चहा करायला गेला. चहा पिताना त्याने मला विचारलं, "तुमच्या भाषेत बायकोच्या बापाला काय म्हणतात?"

"सासरा."

"आम्ही श्वेर म्हणतो. नवऱ्याच्या बहिणीला?"

"नणंद."

"बायकोच्या बहिणीला?"

"मेहुणी. आणि दिराच्या बायकोला जाऊ."

"भावाच्या बायकोला?"

"वहिनी," मी म्हणालो.

त्याने बोटं मोजली. "चार. आमच्याकडे या चौघी एकच, श्वेगेरिन. तुम्ही एकेकीला वेगळी खोली बांधून दिलीत." मग जरा थांबून, जणू मला पकडायचंच असं ठरवून, "बरं, मुलीच्या सासऱ्याला? म्हणजे तो तुझा कोण?"

"व्याही."

तो कप हातात घेऊन उभाच राहिला. "शब्द आहे?"

"आहे ना. त्याच्या बायकोला विहीण."

"आम्ही मखुतन म्हणतो. इथे एका अमेरिकन डॉक्टरला विचारलं मी. त्याच्याकडे नाही. म्हणाला, मुलीच्या नवऱ्याचे वडील. एवढं लांबलचक." तो खाली बसला. "मी अकरा दिवस मखुतन होतो. मुलीचं लग्न झालं आणि अकराव्या दिवशी लढाई लागली. त्यात कोणीच राहिलं नाही. हे सगळे शब्द मला येतात, श्वेर, श्वीगर, श्वेगेरिन, आता हाक मारायला कोणी नाही."

मी त्याच्या कपात आणखी साखर घातली.

दुसऱ्या मंगळवारी मी लंगडत गेलो. विधीसाठी उजवा पाय धडधाकट लागतो हे मला झालमननेच सांगितलं होतं. पाय तपासतात, धुतात, जमिनीवर दाबून उभं राहायला लावतात. तेव्हा मी घोट्यापासून चवड्यापर्यंत पट्टी गुंडाळून गेलो आणि सांगितलं, गळू झालंय, महिना तरी लागेल.

"बघू," झालमन म्हणाला.

"दुखतंय."

"हळूच बघतो."

तो माझ्यासमोर स्टुलावर बसला, माझा पाय मांडीवर घेतला आणि पट्टी सोडायला लागला. मी चांगले चार पदर गुंडाळले होते. आत काय निघणार ते मला माहीत होतं, आणि दुसऱ्या पदरानंतर त्यालाही कळलं असावं. तरी त्याने शेवटपर्यंत सोडली. पाय बाळाच्या पायासारखा स्वच्छ. झालमनने तो नीट पाहिला, वर माझ्याकडे पाहिलं, आणि पट्टी होती तशी परत गुंडाळली. गाठसुद्धा मारली.

"तिला माहीत आहे?" त्याने विचारलं.

"पायाचं?"

"पायाचं नाही."

मी नाही म्हणून मान हलवली. एकेचाळीस वर्षांचा बाप्या होतो मी. त्या खोलीत त्या अनोळखी म्हाताऱ्यासमोर माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

त्याला सांगितलं तेच इथे सांगतो. वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा ती अठरा वर्षांची आणि मी एकोणीस. वडिलांनी मला तिच्या पाया पडायला लावलं. म्हणाले, वहिनी आईच्या जागी. मी पाया पडलो. आणि त्यानंतर बावीस वर्षं मी त्या जागेवरून हललो नाही. तिच्याकडे कधी वाकड्या नजरेने पाहिलं नाही, कधी शब्दाने दाखवलं नाही. हनोखवर माझा जीव होता, तो शेवटचा आजारी पडला तेव्हा त्याला उचलून न्हाणीत न्यायचो. मला स्थळं आली, मी मोडली. लोक म्हणायचे, एलिझर चोखंदळ आहे. मी चोखंदळ नव्हतो. मला ती आवडत होती, बस एवढंच. आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण आमच्याकडे दिराच्या मनातल्या असल्या गोष्टीला शिवी सोडून दुसरं नाव नाही. मग चाळिशी उलटल्यावर एक कारकून खिडकीतून सांगतो की नाव आहे, जुनं आहे, धर्मातलं आहे, आणि तो तूच आहेस. अकरा महिने मी 'याव्हाम' हा शब्द मनात धरून बसलो होतो. रात्रपाळीवरून आल्यावर, आंघोळ करताना, पोळी तव्यावर टाकताना. ती माझ्याशी बांधलेली आहे. कुठेतरी लिहिलेलं आहे.

झालमनने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "जुन्या काळी तू तिच्याशी लग्न केलं असतंस, आणि लोकांनी तुला पुण्यवान म्हटलं असतं. आता ते दार बंद आहे. तू सोडलं नाहीस तर ती तुझी होत नाही, एलिझर. ती कुणाचीच होत नाही."

"आणि सोडल्यावर?"

"सोडल्यावर तिला कुणीही चालतो. तू सोडून. पुढे ती पुन्हा विधवा झाली तरी तू नाही. कधीच नाही."

"कधीच?"

"कधीच."

मी डोळे पुसले आणि पट्टी सोडून त्याच्या टेबलावर ठेवली. पुढच्या मंगळवारची तारीख घेतली.

वहिनीला उपाशीपोटी यायला सांगितलं होतं, तशी रीत आहे. ती निळं पातळ नेसून आली होती आणि शाळेतल्या मुलीसारखी ओठ हलवून शब्द घोकत होती. शालोमला बाहेर थांबावं लागलं. आत तीन न्यायाधीश, दोन जादा माणसं, म्हणजे पाच दाढ्या, आणि दाराशी झालमन. माझा पाय धुतला, पुसला, तपासला. झालमनने जोडा चढवला, बंद पोटरीला गुंडाळून गाठी मारल्या. चार पावलं चालायला लावलं. मग भिंतीला पाठ लावून, उजवा पाय जमिनीवर दाबून मी उभा राहिलो.

वहिनीने तिचं वाक्य आधी म्हटलं. माझा दीर आपल्या भावाचं नाव चालवायला तयार नाही, असा त्याचा अर्थ. न चुकता म्हणाली. मग मुख्य न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं.

मी तिच्याकडे बघून म्हटलं. एका दमात म्हटलं, तिन्ही शब्द. आवाज कापला नाही. आयुष्यात मी एवढं सरळ खोटं एकदाच बोललो, आणि तेही धर्मपीठासमोर, त्यांनीच शिकवून.

वहिनी वाकली. डाव्या हाताने माझी पोटरी धरून उजव्या हाताने तिने गाठी सोडल्या. इतक्या वर्षांत तिने मला पहिल्यांदा हात लावला. तिची बोटं गार होती, गाठी घट्ट होत्या, तिला वेळ लागला. मी तिच्या भांगाकडे बघत होतो, त्यात पांढरे केस होते. मग तिने जोडा ओढून काढला आणि लांब फेकला. तो भिंतीशी जाऊन पडला.

"आता थुंका," न्यायाधीश म्हणाले. "त्याच्यासमोर जमिनीवर. आम्हाला दिसलं पाहिजे."

वहिनीने तोंड हलवलं. काही आलं नाही. पुन्हा प्रयत्न केला, नुसतीच हवा आली. सकाळपासून पाण्याचा घोट नाही, आणि ती घाबरलेली.

"थांबा, सावकाश," न्यायाधीश म्हणाले.

तिने तिसऱ्यांदा प्रयत्न केला आणि मग हात खाली सोडून माझ्याकडे बघितलं. "भावोजी, नाही ओ जमत," ती मराठीत म्हणाली. "तुमच्यापुढे कशी थुंकू मी? हनोखना ह्याच हातांनी उचलायचात, मला दिसतं ना ते. माझं तोंडच सुकलंय."

"जमेल," मी म्हणालो.

"नाही जमत. राहू दे. सांगा त्यांना राहू दे."

पाच माणसं आमच्याकडे बघत होती. ती खरंच म्हणाली, राहू दे. मला फक्त गप्प बसायचं होतं. ती मागे फिरली असती, गाठ राहिली असती, आणि दोष माझा नसता. एवढं सोपं त्या अकरा महिन्यांत कधीच झालं नव्हतं. किती वेळ मी गप्प होतो सांगता येत नाही, पण होतो हे खरं.

मग मी म्हणालो, "वहिनी, शेजारच्या आबाजींच्या वाडीतला रायवळ आंबा आठवतो?"

"आं?"

"विहिरीजवळचा. चैत्रात वारा सुटला की कैऱ्या पडायच्या बघा, टपाटप. कोवळ्या, आत बाठ पण धरलेली नसायची. तुम्ही नवीन होतात. दुपारी सगळे निजले की विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसायचात, ओच्यात कैऱ्या घेऊन. पुडीत मीठ आणि तिखट. सुरी नाही, दगडावर आपटून फोडायची. ती फुटली की नुसता वास यायचा, आंबट. चीक पुसायचा, मीठ-तिखटात बुडवायची आणि कडाक्कन चावायची. एक डोळा मिटायचा तुमचा. दात आंबायचे, भात चावायचा नाही संध्याकाळी. तरी दुसरी घ्यायचात. मीठ लागलेली, करकरीत..."

त्या कैऱ्यांवरून घरात सगळ्यांना वाटलं होतं की वहिनीला दिवस गेले. आईने पेढेसुद्धा सांगितले होते. ते मी बोललो नाही.

"काय म्हणतोय हा?" न्यायाधीशांनी विचारलं.

"त्यांच्याकडची प्रार्थना आहे," झालमन दारातून म्हणाला.

वहिनी माझ्याकडे टक लावून बघत होती. तिच्या गळ्याची हालचाल झाली, गाल आत गेले, एक डोळा किंचित मिटला. मग ती वाकली आणि थुंकली. माझ्या उघड्या पायापासून वीतभर अंतरावर. पाचही जण वाकून बघायला पुढे आले. दिसलं, दिसलं, म्हणाले.

मग तिने शेवटचं वाक्य म्हटलं आणि सगळ्यांनी मिळून तीनदा ओरडून सांगितलं की याचा जोडा निघाला. एवढ्यावर झालं. बाहेरून आत यायला, मोकळं व्हायला, सगळं मिळून अर्धा तास लागला असेल.

मी माझे मोजे-बूट घालून बाहेर आलो तेव्हा शालोम तिच्यासाठी पाव आणायला गेला होता. ती पायरीवर बसली होती. मी दोन पायऱ्या सोडून बसलो.

"कैरीचं बरं आठवलं तुम्हाला," ती म्हणाली.

"आठवलं."

"तुम्हाला सगळंच आठवतं ओ, भावोजी." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. तिला केव्हापासून माहीत होतं ते मी विचारलं नाही. अकरा महिने तिने एकदाही तगादा का लावला नाही, ते मला तिथे पायरीवर कळलं.

मग ती म्हणाली, "एक मागू?"

"मागा."

"लग्नात माझ्या बाजूने कोणी नाही. रेवदंड्याहून कोण येणार? शालोमचा सगळा गोतावळा आहे, मुंबईचा, लोदचा. मी एकटीच उभी राहायची का? तुम्ही माझ्या माहेरचे म्हणून उभे राहा."

"दीर कुठे माहेरचा असतो?"

"दीर होतात. आत्ताच सोडवून आले ना मी? मग नुसतं कोणीच नाही असं राहण्यापेक्षा भाऊ व्हा माझे. मला हात धरून मांडवात घेऊन चला. याल?"

"येईन."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणालो. तेवढ्यात शालोम पाव घेऊन आला, त्याने तो तिच्या मांडीवर ठेवला आणि माझे दोन्ही हात धरले.

लग्न तीन आठवड्यांनी मंगळवारी दुपारी होतं, दिमोनातल्याच सभागृहात. माझ्या घरापासून चालत दहा मिनिटं. मी पांढरा शर्ट इस्त्री केला, दाढी केली, बुटांना पॉलिश केलं आणि निघालो. कोपऱ्यावर आलो तर सभागृहाचं दार दिसत होतं. बायका मेंदीचे हात नाचवत आत जात होत्या, कोणीतरी ढोलकी वाजवून बघत होतं. मी तिथे उभा राहिलो. मग सरळ जाण्याऐवजी डावीकडे वळलो आणि गिरणीत गेलो. मुकादमाने माझे कपडे बघून विचारलं, काय रे, कुणाचं लग्न? मी म्हटलं, कुणाची पाळी असेल तर द्या. संध्याकाळपर्यंत मी यंत्रांवर तुटलेले धागे जोडत राहिलो. तिथे इतका आवाज असतो की माणसाला स्वतःचं रडणंही ऐकू येत नाही, ते त्या दिवशी उपयोगी पडलं.

पुढच्या आठवड्यात पीठाच्या दाखल्याची माझी प्रत घ्यायला मी बीरशेवाला गेलो. झालमन दारातच भेटला. अंगावर नवा कोट होता आणि खोकलाही कमी वाटला. तो मला हाताला धरून आत घेऊन गेला, त्याच बाकावर.

"तू आला नाहीस," तो म्हणाला.

"पाळी होती."

"मला तिने लग्नाला बोलावलं होतं. मी मागे बसलो होतो. मंडपात जायची वेळ झाली तरी ती दाराकडे बघत होती. मंडळी खोळंबली. तिने किती वेळा पाहिलं माहीत आहे? मग इकडेतिकडे बघून सरळ माझ्याजवळ आली. म्हणाली, तुम्ही याल का? मी तिचा हात धरून घेऊन गेलो." त्याने आपला उजवा हात वर करून बघितला. "कोणीतरी विचारलं, आजोबा, तुम्ही मुलीचे कोण? मी म्हटलं, फेटर. म्हणजे काका म्हण, मामा म्हण, आमच्यात एकच. आता शालोमची आई मला व्याह्यासारखं जेवायला बोलावते, पुढच्या शुक्रवारी जायचंय. तीस वर्षांनी, एलिझर. तीस वर्षांनी मी कुणाचा तरी कोण लागतो."

त्याचे डोळे भरून आले होते. त्याने माझा गुडघा थोपटला. "वाईट वाटून घेऊ नकोस," तो म्हणाला. "तू आला नाहीस ते बरं झालं."

मी दाखला घडी करून खिशात ठेवला आणि म्हटलं, हो, बरं झालं.

वहिनी आजही दिमोनात आहे, शालोमच्या मुलींच्या मुलांत रमलेली. झालमन मरेपर्यंत दर शुक्रवारी त्यांच्याकडे जेवला. सणाला तिचा फोन येतो, ती तब्येत विचारते, मी ठीक आहे म्हणतो. का आला नाहीत, हे तिने इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाही. तिचा हात धरून मांडवात न्यायची ती जागा माझी होती. तिच्याजवळ मला देण्यासारखं तेवढंच उरलं होतं, ते तिने तोंड उघडून दिलं होतं, आणि मी ते घेतलं नाही.